सोबतपत्राची तालीम

श्रीरंगदेवता प्रसन्न असो. लिहिणाराचा शब्द चुकल्यास ऐकणारानें हळूच पुरवावा, मोठ्यानें पुरवून चारचौघांत फजिती करूं नये, इतकी विनंती आधीं करून हकीकत मांडितों ऐसीजे. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ते दिवशीं रंजनसंस्थानाचा जाहीरनामा निघाला. हें संस्थान थोर, लोकीं त्यास नुसतें मोठी कंपनी म्हणत, आणि त्याचा अंमल कोठवर म्हणाल तर जेथें जेथें मनुष्य जेवतांना ताटापुढें मोबाईल उभा करून ठेवितो तेथवर. सात समुद्रांपलीकडील चित्रें आणावीं, त्यांतील गोऱ्या, पिवळ्या, काळ्या माणसांचे तोंडीं आमचे मुलुखाचे बोल घालावे, ज्यास डबिंग म्हणतात, आणि रयतेस घरबसल्या हसवावें रडवावें, ऐसा त्यांचा कारभार. जाहीरनाम्यांत लिहिलें कीं, मराठी बोलांवर नजर ठेवणारा एक मनुष्य पाहिजे, शिक्षणाची अट नाहीं, वयाची अट नाहीं, मात्र अर्जासोबत एक पानाचें सोबतपत्र जोडावें, ज्यास शहरचे लोक कव्हर लेटर म्हणतात, आणि तें पत्र खास आमचे दरबाराकरितांच लिहिलेलें असावें, दुसऱ्याकरितां शिवलेला अंगरखा आम्हांस घालूं नये. आणि शेवटीं बारीक अक्षरांत ऐसें कीं, एका मनुष्यानें तीन वेळांच अर्ज करावा, चवथ्यास मज्जाव.

तें बारीक अक्षर धानाचे मुलुखीं वैजयंताबाई बोरकुटे यांनीं चष्मा पुसून वाचिलें आणि पुन्हां एकदां वाचिलें. कां, तर त्यांचे दोन अर्ज मागेंच खर्ची पडले होते. बाई कोण म्हणाल, तर तिकडील एका नामांकित नाटक मंडळींत बावीस वर्षें प्रॉम्प्टर. दिवाळी सरली कीं मंडळींनीं गांवोगांव फिरावें, हजारों मनुष्य लोटावें, पुढें राजे, सरदार, खलनायक यांनीं गर्जना कराव्या आणि मागें विंगेंत लाकडी खोक्यावर बसून बाईंनीं वहींतून एकेक शब्द पुरवावा, तोही ऐसा कीं नटास ऐकूं यावा आणि पहिल्या रांगेंतील पाटलास ऐकूं येऊं नये. ही विद्या सोपी नव्हे. परंतु ते सालीं मंडळीचे मालकांनीं रंगमंचापुढें काचेचा पडदा आणविला, त्यावर संवाद आपोआप सरकों लागले, आणि मग बाईंस शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजविल्या आणि घरीं पाठविलें. बाईंनीं शाल पेटींत ठेविली, नारळ फोडून खाल्ला, आणि चार दिवसांनीं ध्यानीं आलें कीं आपण टीव्हीवरील बातम्या देणाऱ्या बाईस विंगेंतून शब्द पुरवीत आहों. त्यांस फार वाईट वाटलें. वय एकोणपन्नास, डोळे शाबूत, कान तीक्ष्ण, आणि काम मात्र संपलें, हें त्यांचे मनास पटेना. डबिंगची चाकरी म्हणजे आपल्याच विद्येचें थोरलें घर, तेथें पाय ठेवावयास मिळाला तर जन्माचें सार्थक, ऐसें त्यांनीं मनाशीं धरिलें, आणि आतां तिसरा आणि शेवटला अर्ज हातीं उरला.

तेव्हां सल्लामसलतीस दोन असामी बोलाविले. एक दयाराम सयाम, मंडळीचे राजा-पार्ट करणारे थोर नट, तलवार उपसावी तर यांनींच, मात्र पाठांतराचे नांवानें बोंब, तलवार उपसल्यावर पुढें काय म्हणावयाचें तें विंगेकडे कान करून ऐकावें. दुसरे देवानंद गुरनुले, चौकांतील सेवा केंद्राचे चालक, उत्पन्नाचे दाखले, सातबारे आणि अर्ज यांचे या मुलुखींचे मुख्य कारकून. देवानंदाचा लौकिक ऐसा कीं कागदावर जें असेल तें हुबेहूब टंकावें, काना सोडूं नये, मात्रा सोडूं नये, आपली अक्कल मधें घालूं नये, कारण पूर्वीं एकदां अक्कल घातली आणि एका शेतकऱ्याचे सातबाऱ्यावर आंब्याचीं झाडें बारा ऐवजीं एक लिहिलीं, तेव्हांपासून त्यानें कानास खडा लाविला.

दयारामांनीं पहिलें सांगितलें, “वैजूबाई, दरबार मोठा आहे ना बाप्पा, मंग स्तुती बी मोठी पाहिजे. लिहा, हे रंजनसम्राटा, तुझ्या कीर्तीचा डंका त्रिखंडात वाजते!” आणि ऐसें म्हणून त्यांनीं अंगणांतच छाती फुगविली, परंतु डंक्यानंतर काय वाजतें तें त्यांस सुचेना आणि ते संवयीनें बाईंकडे पाहों लागले. देवानंद म्हणाला, “काकू, मायापाशी तयार नमुना आहे. मागच्या दोन खेपेले तोच तर लावला होता आपन.” आणि नमुना काढून दाखविला, त्यांत लिहिलें कीं मी कष्टाळू, प्रामाणिक, वेळेची पाबंद, संघासोबत काम करण्याची आवड. बाईंनीं विचारिलें कीं हा नमुना पहिल्यानें कोणाकरितां लिहिला, तेव्हां देवानंदानें खरें सांगितलें, “पान्याच्या टाकीवरच्या वॉचमनसाठी.” बाईंनीं नमुना त्याचे हातीं परत दिला आणि म्हणाल्या, “दोन खेप टाकी राखाले गेली होती गा मी. म्हनून तं बोलावला नाही त्याहीनं.”

मग बाईंनीं निश्चय केला कीं ज्या दरबारास पत्र लिहावयाचें तो दरबार आधीं पाहावा. संहिता न वाचतां प्रॉम्प्टिंगला बसणारी बाई आपण नव्हे. सहा दिवस सकाळीं भाताचा कुकर चढवावा आणि त्या संस्थानाचीं चित्रें मोबाईलवर लावावीं, एकेक प्रसंग मागें पुढें करून दहा दहा वेळां पाहावा, आणि जुन्या वहींत टांचण करावें कीं अमक्या ठिकाणीं गोरा शिपाई ओरडला एक शब्द आणि मराठींत वाक्य आलें सतरा शब्दांचें, तमक्या ठिकाणीं म्हातारा मेला तरी त्याचा आवाज आणखी दोन श्वास जगला. ऐशीं टांचणें जाहलीं एकाहत्तर. आणि सहावे दिवशीं एक प्रसंग ऐसा आला कीं बाईंनीं चष्मा काढून ठेविला. बंदरावर एक परदेशी आई मुलास निरोप देते, मुलगा बोटीवर चढतो, आईचे ओठ क्षणभर मिटतात, उघडतात, पुन्हां मिटतात, आणि संपलें, दोनचार शब्दच ती बोलते. आणि मराठींत काय घातलें, तर ‘माझ्या लाडक्या मुला, मी तुझ्यावर मनापासून खूप प्रेम करते’. आईचें तोंड मिटून गेलें आणि प्रेम चालूच राहिलें. बाईंनीं तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हां पाहिला, आणि आवाज नसतांना त्यांचे डोळ्यांस पाणी आलें, आणि आवाज लावितांच तें आटलें, आणि मग त्यांस समजलें कीं पत्रांत काय लिहावयाचें.

दयाराम ऐकून घाबरे जाहले. म्हणाले, “काहून व बाई, नोकरी मागाले चालली का भांडाले? सोयऱ्याच्या घरी जेवाले बसून भाजी खारट आहे म्हनते का कोनी?” बाई म्हणाल्या, “बावीस वर्सं तुमी चुकले की मी सांगत होती. तवा राग आला का?” दयाराम खरें बोलणारे, म्हणाले, “राग कशाचा, जीव वाचे मायावाला.” बाई म्हणाल्या, “मंग? त्याहीचा बी जीव वाचंल.” 

एका दुपारीं बाईंनीं पत्र लिहिलें. आणि येथें त्या मंडळींचा एक रिवाज सांगणें प्राप्त आहे. नाटकाचा कोणताही कागद तालमीवांचून लोकांपुढें नेऊं नये, मग तें पांच अंकी नाटक असो कीं उद्घाटनाचें आभाराचें भाषण असो. प्रॉम्प्टरनें लाल शाईनें मजकुरांतच खुणा कराव्या, कोठें श्वास घ्यावा, कोठें थांबावें, कोठें लोक हसतील, कोठें नट अडखळतो, आणि खुणा जाहल्यावांचून कागद पक्का जाहला ऐसें कोणी समजूं नये. त्याप्रमाणें बाईंनीं पत्राची तालीम लाविली. दयारामांस खुर्चीवर बसवून संस्थानाचे दिवाण केलें, त्यांनीं उपरणें खांद्यावर टाकून पत्र मोठ्यानें वाचावें आणि बाईंनीं शेजारीं बसून लाल शाईनें खुणा कराव्या, ऐसें सात वेळां जाहलें, आणि सातवे वेळीं कुंपणापलीकडून जाणारी एक म्हातारी भाजीची टोपली उतरवून ऐकत उभी राहिली, तेव्हां बाई म्हणाल्या, “झाला.” अर्जाची मुदत त्याच दिवशीं पांच वाजेतोंवर. घड्याळांत चार वाजून गेलेले. तेव्हां तोच कागद दयारामांचे हातीं दिला, ते सायकलीवर टांग टाकून चौकांत गेले, आणि देवानंदानें तो कागद आपल्या लौकिकास स्मरून, काना न सोडतां, मात्रा न सोडतां, काळी शाई तैसी लाल शाई, टंकून पांचास सहा मिनिटें कमी असतां रवाना केला.

दुसरे दिवशीं बाई प्रत पाहावयास गेल्या आणि वाचतां वाचतां खाली बाकड्यावरच बसल्या. दरबारास गेलेलें पत्र तें ऐसें: “तुमच्या चित्रात एक आई बंदरावर मुलाला निरोप देते. तिचे तोंड मिटते, तरी तिचे प्रेम चालूच राहते. (इथे हसतील. थांबा.) मी बावीस वर्षे विंगेत बसून दुसऱ्यांच्या तोंडी शब्द दिले. (श्वास.) ते शब्द त्यांचेच वाटावेत, एवढेच माझे काम होते. (दयाराम इथे अडखळतो. हळू.) त्या आईचे ओठ दोनदा मिटतात. आमच्याकडची आई बंदरावर उभी असती, तर प्रेम करते असे म्हणाली नसती. (आवाज खाली.) ती म्हणाली असती, पोचलास की फोन कर. (आता काही बोलू नका. तीन मोजा.) अशा आणखी सत्तर जागा मी लिहून ठेवल्या आहेत. बोलावल्यास वही घेऊन येईन.” खालीं सही, आणि सहीपुढें, “(पाणी प्या.)”

बाईंचा आवाज बावीस वर्षांत प्रथमच शेवटले रांगेपर्यंत गेला. “देवानंद! लाल शाईचा काहून लिहिला गा?” देवानंद उठून उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, एक काना सोडला नाही मी.” आणि हें तो अभिमानानें म्हणाला, त्यामुळें बाईंस त्याजवर रागावतांही येईना. दयाराम म्हणाले कीं बाकी कांहीं असो, दरबारांत आपलें नांव पोंचलें. बाई घरीं आल्या आणि ते दिवशीं जेवल्या नाहींत. तिसरा अर्ज गेला, आणि गेला तो ऐसा गेला, लोक काय म्हणतील याहून आपलेंच मन काय म्हणतें तें ऐकवेना. मग त्यांनीं तांदूळ निवडावयास घेतले, घरांत होते नव्हते तितके सगळे, आणि निवडून संपल्यावर पुन्हां निवडले.

इकडे दरबारांत काय जाहलें तें मागाहून कळलें, तें लिहितों. अर्ज आले चौदाशें. दारावर एक यंत्रकारकून बसविलेला, त्यानें चौदाशें पत्रें क्षणांत वाचिलीं, आणि त्यांतील हजारांवर ठिकाणीं कष्टाळू, प्रामाणिक, संघासोबत काम करण्याची आवड ऐसें पाहून एकास शंभरापैकीं ऐंशी, दुसऱ्यास ब्याऐंशी ऐसे गुण दिले, आणि बाईंचे पत्रास मात्र कंस पाहून तो गोंधळला आणि ‘हा अर्ज नसावा’ ऐसा शेरा मारून वेगळें काढिलें. वेगळें काढिलेलें पत्र टाकण्यापूर्वीं मनुष्यानें पाहावें ऐसा तेथील नियम. तें काम दिवाण नीलांबरीबाई सबनीस यांजकडे, आणि त्या तीन दिवस चांगलीं गुणांचीं पत्रें वाचून ऐशा कंटाळल्या होत्या कीं त्यांस स्वतःचेंही नांव कष्टाळू प्रामाणिक वाटों लागलें होतें. दुपारचा चहा आला होता, भोंवतीं चार मंडळी बसली होती, नीलांबरीबाईंनीं गंमत म्हणून पत्र मोठ्यानें वाचावयास घेतलें. पहिल्या खुणेपाशीं हसतील म्हणून लिहिलें होतें आणि मंडळी हसली. श्वास लिहिलें तेथें नीलांबरीबाईंनीं नकळत श्वास घेतला. दयारामपाशीं त्याही अडखळल्या. आणि आई फोन कर म्हणाली, त्यापुढें तीन मोजा लिहिलें होतें, परंतु मोजणारा कोणीच नव्हता, चहा तैसाच राहिला, आणि एक गृहस्थ उठून बाहेर गेले आणि त्यांनीं आपले आईस फोन लाविला. मग नीलांबरीबाई म्हणाल्या, “हे पत्र आपण वाचलं नाही, तिनं आपल्याकडून वाचून घेतलं. बोलवा तिला.”

तेव्हां पौष मासीं एके दिवशीं सकाळीं अकरा वाजतां मुलाखत नेमिली, ती समक्ष नव्हे, पडद्यावर, आणि पडदा देवानंदाचे सेवा केंद्राचा. दाखल्यांकरितां रांगेंत उभी असलेली तीस मनुष्यें हटावयास तयार होईनात, म्हणालीं आमी बोलत नाही, नुसते पाहतो. बाई नवें लुगडें नेसल्या, वही मांडीवर घेतली, उत्तरें चार दिवस पाठ केलीं होतीं. दयाराम पडद्याचे मागें, दरबारास दिसणार नाहीं ऐशा बेतानें, उत्तरांचा कागद घेऊन लाकडी स्टुलावर बसले, कां तर कदाचित बाई चुकल्या तर आपण पुरवूं. बाई म्हणाल्या मी चुकत नाही, ती गोष्ट वेगळी.

नीलांबरीबाईंनीं पहिल्यानें विचारिलें, “हे दयाराम कोण?” बाईंनीं सांगितलें. मग वहींतील जागा विचारिल्या, बाईंनीं एकेक जागा सांगितली, ओठ कोठें मिटतात, प कोठें चालेल, आमचे मुलुखीं फ म्हणतांना ओठ पुरते कैसे मिटतात, हें स्वतःचे तोंडानें करून दाखविलें, आणि रांगेंतील तीस मनुष्यें गुपचूप ओठ मिटून प फ करूं लागलीं. सर्व कांहीं उत्तम चाललें. मग नीलांबरीबाई म्हणाल्या, “शेवटचा प्रश्न. तुम्हाला आमच्याकडेच का यायचंय?” याचें उत्तर सर्वांत चांगलें पाठ होतें. बाईंनीं तोंड उघडलें, आणि शब्द नाहीं. बावीस वर्षांत जें दुसऱ्यांस जाहलें आणि त्यांस कधीं जाहलें नाहीं, तें जाहलें. पडद्यामागें दयाराम कागद चाळूं लागले, पान उलटें लागलें, चष्मा घसरला, आणि घाईंत त्यांनीं जें तोंडीं आलें तें पुरविलें, आणि त्यांचा हळू आवाज म्हणजे मैदानांत आठ हजार माणसांस ऐकूं जाणारा, “हे सेनापती! शत्रू वेशीपाशी आला आहे!” तीस मनुष्यें फुटलीं, देवानंद कपाळास हात लावून बसला, आणि दरबाराकडूनही हसण्याचा आवाज आला. बाईही हसल्या, पोट धरून हसल्या, आणि डोळे पुसतां पुसतां जें मनांत होतें तें पाठ न केलेलें बाहेर आलें.

“बाई, खरं सांगू का,” त्या म्हणाल्या, “पाठ केला होता तो विसरली मी. मले अजून काम करायचा आहे. ज्याले ज्याले विसर पडला त्याले मी आठवन देल्ली, आन आता घरी बसून मीच कोनाच्या आठवनीत नाही, असा वाटते. तुमच्या चित्रातले लोक मले आवडले. त्याहीले चुकीचे शब्द देऊन उभं केला आहे साऱ्या जगापुढं, आन विंगेत कोनी नाही. मले तिथं बसू द्या.” यावर कोणी हसलें नाहीं. नीलांबरीबाईंनीं मान हलविली, “कळवतो” म्हणाल्या, आणि पडदा काळा जाहला. रांगेंतील एक म्हातारे गृहस्थ उत्पन्नाचा दाखला विसरून तैसेच घरीं गेले.

आठ दिवसांनीं नेमणुकीचें पत्र आलें. देवानंदानें छापून काढिलें आणि धांवत घेऊन आला, दयारामांनीं तें हातीं घेतलें, गळा साफ केला, छाती फुगविली आणि मोठ्यानें वाचिलें, “प्रिय उमेदवार, येथे नाव लिहावे, आपली निवड झाल्याचे कळविण्यास आम्हांस आनंद होतो, आपण कष्टाळू, प्रामाणिक व संघासोबत काम करणारे आहात याची आम्हांस खात्री आहे.” आणि दयाराम थांबले, कागद उलटून पाहिला, पुन्हां सुलटा केला. नमुना तयार, नांवाची जागा भरावयाची राहिलेली, खालीं मोहर खरी, सही नीलांबरीबाईंची खरी, आणि पगाराचा आंकडाही खरा. देवानंद म्हणाला, “काकू, हे टाकीवाल्याचाच आहे जी.” बाईंनीं कागद घेतला. दाराशीं उजेडांत बसल्या, लाल शाईचा पेन काढिला, ‘येथे नाव लिहावे’ यावर एक सरळ रेघ मारिली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलें, वैजयंता श्रावण बोरकुटे. मग ‘कष्टाळू, प्रामाणिक’ याखालीं बारीक लिहिलें, ‘हे वाक्य तोडावे, कोणाच्याही तोंडी बसते.’ आणि शेवटीं, ‘चूक क्रमांक बहात्तर. सोमवारी हजर होईन.’ आणि दयारामांकडे देऊन म्हणाल्या, “आता वाचा.”

दयारामांनीं वाचिलें, नांवासकट, न अडखळतां. ऐसें सोबतपत्राचें वर्तमान. संस्थान थोर, यंत्र चतुर, बाई एक, लाल शाई चार आण्यांची नव्हे पण महागही नव्हे, आणि रविवारीं सकाळचे बसनें बाई वहीसह रवाना जाहल्या. जें ऐकलें तें लिहिलें, अधिक उणें सांभाळून घ्यावें, लेखनसीमा.